पुडी, कोंडा की कांदा: नवा शॅम्पू बाजारात आणायचा तर कुणाची वाट धरावी?

रिठा-शिकेकाईचा घरचा शॅम्पू ओळखीपाळखीत चांगला खपतो, लोक पुन्हा मागतात, आणि मग वाटू लागतं की याला नाव द्यावं, लेबल लावावं, बाजारात उतरावं. मुंबईत बचत गटांतल्या ताईंपासून नोकरी सोडून धंदा मांडणाऱ्या तरुणांपर्यंत अनेक जण हा विचार करतात. त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत आणि तिन्ही वाटांनी कुणी ना कुणी मोठं झालेलं आहे. चिक हा शॅम्पू पुडीने (सॅशेने) वाढला, हेड अँड शोल्डर्स कोंड्याने, आणि मामाअर्थचं नाव घरोघरी गेलं त्यात कांद्याचा वाटा मोठा.

चिकची हकिगत सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यातून बहुतेक जण चुकीचा धडा घेतात. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नीकृष्णन यांचा आग्रह होता की हमाल आणि रिक्षावाल्यालाही परवडेल एवढ्या लहान मापात वस्तू मिळावी. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन घरच्या धंद्यातून बाहेर पडले आणि १९८३ साली १५,००० रुपयांवर त्यांनी चिक सुरू केला. पुडी तेव्हा नवी नव्हती, त्यांच्या भावांचा वेल्व्हेट शॅम्पू पुडीतच मिळत होता. रंगनाथन यांनी वेगळं काय केलं? दक्षिणेतल्या ज्या खेड्यांत शॅम्पू कुणी वापरत नव्हतं तिथे जाऊन एका मुलाचे केस सगळ्यांसमोर धुतले आणि जमलेल्यांना ते हात लावून, वास घेऊन पाहायला सांगितले. रजनीकांतच्या सिनेमांचे खेळ लावले, मध्ये जाहिराती दाखवल्या, फुकट पुड्या वाटल्या. कुठल्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, एक चिक फुकट न्या, अशी योजना काढली. पुढे ती फक्त चिकच्या पुड्यांपुरती केली. रंगनाथन स्वतः सांगतात त्याप्रमाणे महिन्याची विक्री ३५,००० रुपयांवरून १२ लाखांवर गेली. मोगरा आणि गुलाबाचा वास आल्यावर ३० लाख झाली आणि अभिनेत्री अमला जाहिरातीत आल्यावर एक कोटी. पन्नास पैशांची पुडी १९९९ साली आली, म्हणजे एवढं सगळं होऊन गेल्यावर.

म्हणून चिकचं पाहून पुडीच काढायची, या विचाराला माझा स्पष्ट विरोध आहे. वाण्याच्या दुकानात दारावर लटकणाऱ्या माळांमध्ये आज बड्या कंपन्यांची जागा पक्की आहे. एक रुपयात शॅम्पू, पुडीचं वेष्टन, छपाई, जीएसटी, वितरक आणि दुकानदाराचं मार्जिन एवढं सगळं बसवायचं. माल महागला तरी रुपयाचे सव्वा रुपये करता येत नाहीत, आतला माल कमी करावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शॅम्पूवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी हे गणित लाखो पुड्या खपल्याशिवाय जमत नाही. छपाईला प्रत्येक रंगाचा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, वेगळा, आणि तो खर्च थोड्या मालावर निघत नाही. शिवाय हे प्लास्टिकचं बहुपदरी वेष्टन पुन्हा वापरात आणणं फार अवघड असतं. मुंबईची गटारं पावसाळ्यात कशाने तुंबतात हे आपल्याला सांगायला नको.

दुसरी वाट एकाच त्रासाला धरून बसण्याची. प्रॉक्टर अँड गॅम्बलने बराच काळ संशोधन करून कोंड्यावर काम करणाऱ्या झिंक पायरिथिऑनचा हेड अँड शोल्डर्स शॅम्पू बनवला, १९६१ साली अमेरिकेत बाजारात आणला आणि १९९७ साली भारतात. सगळी जाहिरात कोंड्याभोवती. गिऱ्हाइकाला नाव आठवलं नाही तरी काम आठवतं, हे या वाटेचं बळ. पण तेवढं संशोधन छोट्या उत्पादकाला शक्य नाही, आणि दाव्याची भाषा औषधाकडे झुकली तर कॉस्मेटिकचा परवाना पुरत नाही. एक त्रास नक्की करायचा एवढंच इथून घ्यावं. मुंबईत तो शोधावा लागत नाही: दमट हवा, लोकलमधला घाम, संध्याकाळी चिकट झालेले केस. ‘घामट केस हलके होतील’ एवढं लेबलवर प्रामाणिकपणे लिहिता येतं.

तिसरी वाट मामाअर्थची. २०१६ साली गझल आणि वरुण अलघ यांनी बाळांसाठीच्या उत्पादनांपासून सुरुवात केली, विक्री आधी ऑनलाइन. केसांसाठीची कांद्याची उत्पादनं नंतर आली. केसांना कांद्याचा रस लावायचा उपाय घराघरांत ऐकलेला, त्यामुळे समजावून सांगायचे कष्ट वाचले. मूळ कंपनी होनासा नोव्हेंबर २०२३ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. पण दुकानांतली वितरणाची घडी बदलताना जुलै-सप्टेंबर २०२४ च्या तिमाहीत तिला सुमारे १८.५ कोटींचा तोटा सोसावा लागला. एवढ्या मोठ्या ब्रँडला दुकानांचं वितरण जड जातं, तर नवख्याने पहिल्याच वर्षी वितरक नेमू नये.

माझा कौल मिश्र वाटेला आहे. विकायची बाटली, १०० मिलीची. त्रास एकच. माल आपल्या आजीला माहीत असलेला, म्हणजे शिकेकाई, रिठा, आवळा. आणि चिककडून पुडी घ्यायची नाही, हात लावून पाहायला देण्याची पद्धत घ्यायची. महालक्ष्मी सरससारख्या बचत गटांच्या प्रदर्शनात, सोसायटीच्या हळदीकुंकवात, ओळखीच्या पार्लरमध्ये केस धुऊन दाखवता येतात.

परवान्याचं मात्र आधी पाहा. घरच्या गॅसवर केलेला शॅम्पू लेबल लावून विकता येत नाही. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो आणि वांद्रे-कुर्ला संकुलातलं अन्न व औषध प्रशासनाचं (एफडीए) कार्यालय हे त्याचं ठिकाण. स्वतःचा कारखाना झेपत नसेल तर परवाना असलेल्या कारखान्याकडून माल बनवून घ्या, आणि शिकेकाईचा काढा असलेला शॅम्पू पावसाळ्यातल्या दमटपणात किती महिने टिकतो याची चाचणी त्यांच्याकडून लेखी मागा. पहिला माल थोडाच काढा. ज्यांनी बाटली नेली त्यांचा फोन नंबर त्यांना विचारून लिहून ठेवा, आणि त्यांतले किती जण दुसरी बाटली मागतात ते पाहून मगच दुसरी ऑर्डर द्या.