तेलक्षेत्रातला मिथेन: उपग्रह बरा की कॅमेरा?

पुण्यात पर्यावरणशास्त्र शिकणारी माझी भाची प्रकल्पाच्या विषयावर अडलीय. तेलक्षेत्रातून सुटणारा मिथेन मोजायचा, पण उपग्रहाने की इन्फ्रारेड (अवरक्त) कॅमेऱ्याने?

खर्चाचा निकाल लगेच लागतो. २०१७ साली सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरच्या, हवेतले वायू मोजणाऱ्या ट्रोपोमी उपकरणाची आकडेवारी फुकट आहे. कॅमेरा लाखोंच्या घरात, वर विहिरीपर्यंत जायची परवानगी काढा.

नेमकेपणात मात्र उपग्रह मागे पडतो. ट्रोपोमीच्या चित्रातला एक ठिपका साधारण ५.५ बाय ७ किलोमीटरचा, कोथरूड नि डेक्कन एकातच मावावेत असा. कॅमेरा गळकी झडप थेट दाखवतो. पण किती किलो वायू गेला हे नुसत्या चित्रावरून कळत नाही, आणि वारा जोराचा असला की झोत पटकन विरतो.

तिचा डोळा अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रावर आहे, आणि खरी गोम तिथेच. मिथेन ज्या अवरक्त प्रकाशात मोजतात, त्यात समुद्र जवळजवळ काळा दिसतो. पाण्यावरून उसळणारी सूर्याची चकाकी नेमकी सापडली तरच नोंद मिळते. पावसाळ्यात तर ढगच ढग. तिथे नकोसा वायू जाळणाऱ्या मशालींतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड बघणं जास्त शहाणपणाचं. तो हेच उपकरण पाण्यावरही टिपतं.

मिथेनच हवा असेल, तर टेक्सासकडचं कोरडं पर्मियन हे तेलाचं खोरं घ्यावं आणि उपग्रह वापरावा. विद्यार्थ्याला तोच परवडतो. गळती शोधून बुजवायची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्या कंपनीने मात्र कॅमेराच घ्यावा.