जांघेच्या दुखण्यावर लिडोकेनची पट्टी: औषध चांगलं, गोंद बेकार

उजव्या बाजूचा हर्निया, ओपन ऑपरेशन, जाळी टाकून. ज्यांचं झालंय त्यांच्यासाठीच लिहितोय, त्यामुळे बेसिक सांगत बसत नाही. टाके मस्त भरले पण जांघेतलं दुखणं काही हटेना. पँट घासली की करंट, रिक्षातून उतरताना पाय बाहेर टाकला की करंट. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांचं एकच पालुपद, "काका, जाईल हळूहळू." अहो, तीन महिन्यांच्या पुढे दुखत राहिलं की त्याला क्रॉनिक, म्हणजे जुनाट दुखणं म्हणतात, हर्नियाच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये १० ते १२ टक्के लोकांना असं होतं असा आकडा आहे, मग फॉर्मवर सही घेताना कोणी चकार शब्द का काढत नाही?

सोनोग्राफीत हर्निया परत आलेला नाही हे बघून पेन क्लिनिकच्या मॅडमनी रात्री प्रीगाबालिन ७५ (नसेच्या दुखण्यावरची गोळी) आणि ५ टक्के लिडोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची, चिकटपट्टी दिली. गोळी काम करते, पण सकाळी डोकं जड आणि पेपर वाचता वाचता डुलक्या. मनाने एकदम बंद करायची नाही, कमी करत आणायची, हे मॅडमनी बजावून सांगितलंय.

आता पट्टी. १० बाय १४ सेंटीमीटरची, २४ तासांत जास्तीत जास्त १२ तास लावायची. कपडा लागल्यावर होणारी आग खरंच कमी होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याने कोणी हा गोंद बनवला त्याला जांघ नावाचा अवयव नसावा. सपाट पाठीवर चिकटेल, इथे घडी पडते, घाम येतो, बसलं की वरची कड सुटते आणि उठलं की खालची. एकदा बँकेच्या लाइनीत पट्टी पँटच्या पायातून घसरत गुडघ्यापर्यंत आली आणि मी तसाच पाय आखडून काउंटरपर्यंत. दोनशेच्या आसपासची एक पट्टी आणि गोंद पाच रुपयांच्या स्टिकरचा! केसांमुळेही चिकटत नाही, पण रेझर मारू नका, कात्रीने बारीक करा, खरवडलेल्या कातडीवर लावायची नसते. मागचा कागद काढायच्या आधी पट्टी कापता येते हे कळल्यापासून मी अर्धीच वापरतो, अर्ध्यात भागतं आणि छोटी पट्टी कमी सुटते.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, तीन स्टार देऊन मोकळा होणार होतो, तेवढ्यात नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारी सुई, झाला आणि मत बरंच बदललं. कंबरेच्या पुढच्या हाडाजवळ, सोनोग्राफीच्या स्क्रीनवर बघत पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये भुलीचं औषध आणि सोबत स्टेरॉइड. थोड्या वेळाने टेबलावरून उतरलो आणि मुद्दाम कमरेचा पट्टा एक भोक जास्त आवळला. काहीच नाही! मॅडम म्हणाल्या, म्हणजे दुखणं इलिओइंग्विनल नसेचंच, जांघेतल्या त्या नसेचं. त्या रात्री भूल उतरली आणि दुखणं परत हजर, मी मनात दोन शिव्या घातल्या, पण पुढच्या आठवड्यात हळूहळू निवळलं ते बऱ्यापैकी टिकलंय. ब्लॉकनंतर कधीकधी काही तास मांडीतली ताकद जाते, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका आणि जिना धरून उतरा.

मेडिक्लेमवाल्यांनी मात्र ब्लॉकचा क्लेम उडवला, का तर २४ तास ॲडमिट नव्हतो. दहा मिनिटांच्या सुईसाठी रात्रभर खाट अडवायची का? मेल-मेल खेळणं अजून चालू आहे.

ब्लॉकचा असर टिकला नाही तर शेवटचा उपाय नसा कापायचा, त्यात जांघेचा भाग कायमचा बधिर होतो. मला तूर्त नको. ब्लॉकला साडेचार स्टार, गोळीला तीन, पट्टीतल्या औषधाला चार आणि गोंदाला शून्य. लांबच्या प्रवासाला अजूनही अर्धी पट्टी लावतो, वरून लांब पायाची घट्ट चड्डी घातली की जागेवर राहते. उरलेली अर्धी पाकिटात घालून तोंड नीट बंद करा, नाहीतर वाळून जाते आणि मग होता तेवढा गोंदही गेला.