एअर रायफलीच्या स्टॉकचा सैल होणारा स्क्रू आणि निळं लॉकटाइट २४३

स्प्रिंगची एअर रायफल ज्यांच्याकडे आहे त्यांना हा ताप नवीन नाही. स्टॉकच्या (रायफलीच्या दस्त्याच्या) पुढच्या भागातले दोन बाजूचे स्क्रू आज आवळले की थोडं शूटिंग झालं नाही तोवर परत ढिले, आणि मग कागदावर नेम पसरायला लागतो, एक पेलेट (छर्रा) डावीकडे तर दुसरा वर, माणूस दुर्बिणीचे नॉब फिरवत बसतो आणि दोष असतो त्या स्क्रूचा. मी गोव्यात फोंड्याला राहतो, आमच्याकडे पावसाळ्यात हे जरा जास्तच होतं, म्हणून लॉकटाइटची, म्हणजे स्क्रूच्या आट्यांत घालून तो सुटू न देणाऱ्या गोंदासारख्या लिक्विडची, निळी २४३ नंबरची बाटली आणली. अख्खा पावसाळा आणि नंतरचे कोरडे महिने त्यावर काढले, आता नीट लिहितो.

आधी स्क्रू का सुटतो ते बघू, नाहीतर बाटलीचं कौतुक करून काही फायदा नाही. ट्रिगर ओढला की आतला पिस्टन जोरात पुढे जातो, त्याने रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला हवेवर आपटून थांबतो तेव्हा रायफलीला उलट पुढे झटका बसतो. म्हणजे एका शॉटमध्ये दोन दिशांचा हादरा, आणि तो सगळा जातो कुठे तर स्टॉक आणि लोखंड धरून ठेवणाऱ्या त्या तीन-चार स्क्रूंवर. (साध्या दुर्बिणी स्प्रिंगच्या रायफलीवर मोडतात त्याचंही कारण हाच उलटा झटका.) पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलीला हा झटका जवळजवळ नसतोच, त्यामुळे पीसीपीवाल्यांना एवढी कटकट नाही.

दुसरं कारण लाकूड. गोव्यात जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे लाकडी स्टॉक कसा कोरडा राहणार? लाकूड ओल शोषून आडवं फुगतं, स्क्रूचं डोकं जागचं हलत नाही, मग डोक्याखालचं लाकूड दाबून चेपलं जातं. पाऊस संपून कोरडे महिने आले की तेच लाकूड सुकून आकसतं आणि स्क्रू फिरलेला नसला तरी त्याची पकड गेलेली असते. हे समजून घ्या कारण जगातलं कुठलंही लॉकटाइट स्क्रूला फिरण्यापासून थांबवेल, चेपलेलं लाकूड परत वर आणणार नाही. त्यासाठी डोक्याखाली वाटीच्या आकाराचा वॉशर घालायचा, म्हणजे दाब मोठ्या जागेवर पसरतो. माझ्या रायफलीला कंपनीकडून वॉशर आलेच नव्हते, म्हापशात हार्डवेअरच्या दुकानात काही रुपयांना मिळाले आणि निम्मं काम त्यांनीच केलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता बाटली. हे लिक्विड हवेत असेपर्यंत पातळ राहतं आणि हवा बंद झाली, वर धातूचा स्पर्श मिळाला, की घट्ट होतं, म्हणून आट्यांच्या आत जाऊन जमतं आणि बाहेर सांडलेलं ओलंच राहतं, ते पुसून टाकायचं. बाटली नवीन असूनही अर्धी रिकामी दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका, आत हवा राहावी म्हणून ती मुद्दाम तशी भरतात. लोखंडी स्क्रू दहा-एक मिनिटांत धरतो पण पूर्ण ताकद यायला २४ तास, तोवर रायफल कोपऱ्यात उभी करून ठेवायची, एक शॉटसुद्धा नाही. २४३ मला त्याच कंपनीच्या निळ्या २४२ पेक्षा बरं वाटलं कारण थोडंफार तेल राहिलं तरी ते धरतं आणि स्टेनलेस किंवा झिंक चढवलेल्या स्क्रूवरही चालतं. एअर रायफलीत तेल सगळीकडे असतंच, त्यामुळे हा गुण खरंच कामाचा.

तरीपण साफ करा. रायफल रिकामी आहे आणि कॉक केलेली (स्प्रिंग दाबून शॉटसाठी तयार ठेवलेली) नाही हे दोनदा बघून मगच स्टॉक खोला, कॉक केलेली रायफल खोलायची नाही म्हणजे नाही. स्क्रू आणि त्याचं भोक दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकू द्या. मग स्क्रूच्या टोकाकडच्या आट्यांवर एकच थेंब. जास्त ओतलं की ते पुढे वाहतं, आणि नळी मोडून कॉक करायच्या रायफलीत हे पुढचे स्क्रू जिथे बसतात तिथेच आत कॉकिंगचा दांडा आणि नळीचा सांधा हलत असतो, तिथे हे जमलं तर नवीन डोकेदुखी. त्याच कारणाने लांब स्क्रू घालू नका, टोक आत घुसून सांध्याला घासतं. ट्रिगरच्या यंत्रणेच्या जवळपास तर बाटली न्यायचीच नाही.

आवळताना दोन्ही बाजू आळीपाळीने थोडं थोडं, मग ट्रिगर गार्डचे. अॅलन की ची (एल आकाराच्या षटकोनी किल्लीची) लांब बाजू स्क्रूच्या डोक्यातल्या भोकात घाला आणि छोटी बाजू दोन बोटांनी फिरवा, तेवढा जोर पुरे. मनगट लावून पिळलं की लाकूड चेपलंच. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून स्टॉकवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. माझी रेघ अजून सरळ आहे. पाऊस ओसरताना चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास तपासलं तेव्हा स्क्रू जागचा हलला नव्हता, फक्त डिसेंबर संपता संपता लाकूड आकसल्यामुळे एकदा खोलून, साफ करून, परत थेंब घालून बसवावं लागलं. साध्या अॅलन की ने सुटला, आट्यांना काही झालं नाही.

इथेच लाल बाटलीचा, म्हणजे जास्त पक्क्या लॉकटाइटचा मुद्दा येतो. काउंटरवरचा माणूस मला म्हणाला, "लाल घे रे बाब, कायमचं बसेल." कायमचं बसेल हेच तर नको आहे! लाल सोडवायला अडीचशे डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं, आणि लाकडी स्टॉकमधल्या स्क्रूला एवढी आच द्यायची तर स्टॉकचं पॉलिशही गेलं आणि लाकूडही करपलं. जांभळं २२२ मिळालं तर दुर्बिणीच्या माउंटच्या बारीक स्क्रूंना ते घ्या, ते हलकं असतं. मला मात्र ते फोंड्यात कुठे मिळालं नाही. झटपट चिकटणारा गम ठिसूळ असतो, हादऱ्याने तडकतो. टेफ्लॉन टेप तर नळाच्या गळतीसाठी, तिने आट्या उलट गुळगुळीत होतात.

प्लास्टिकचा स्टॉक असेल तर जपून, हे लिक्विड काही प्लास्टिकना लागलं की त्यात तडे जातात. थेंब लोखंडाच्या आट्यांवरच राहील आणि बाहेर आलेला लगेच पुसाल याची खात्री असेल तरच वापरा.

हे सगळं ०.१७७ च्या, २० जूलच्या आतल्या, लायसन न लागणाऱ्या रायफलीबद्दल लिहिलंय. आमच्याकडे गावागावात शेतीरक्षणाच्या लायसनच्या बंदुका आहेत, त्यांचं काम मात्र लायसनवाल्या गनस्मिथकडेच न्या, घरी बाटली घेऊन बसू नका.

१० एमएलची बाटली घ्या, मोठी अजिबात नको, एका स्क्रूला एक थेंब लागतो तर घरगुती माणसाला ती संपायची नाही. ठेवायची सावलीत, गाडीच्या डिक्कीत किंवा स्वयंपाकघरातल्या गरम फळीवर नाही, आणि बाहेर काढलेलं उरलं तर परत बाटलीत ओतायचं नाही, लोखंडाचा कण आत गेला तर आतलं सगळं घट्ट होऊ शकतं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क कापला तो बाटलीचं टोक एवढ्या बारीक स्क्रूसाठी जरा जाड आहे म्हणून. मी थेंब टूथपिकवर घेऊन लावतो.