आरईएफचा इम्पॅक्ट केस स्टडी डेटाबेस: फुकट आहे, भरपूर आहे, फक्त पाचव्या भागापासून वाचायला घ्या

पेपर छापून आला, सायटेशन्स पण मिळाली, आणि मग फंड देणारे विचारतात की ह्या संशोधनाने बाहेर नक्की काय बदललं, तिथे भल्याभल्यांची गाडी अडते. ज्यांना असं काही लिहायचंय त्यांना मी आधी ब्रिटनच्या रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्कचा, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन करणाऱ्या आरईएफचा, केस स्टडी डेटाबेस उघडायला सांगते. केस स्टडी म्हणजे एखाद्या संशोधनाने बाहेर काय बदललं ते पुराव्यासकट सांगणारं छोटं लिखाण. लॉगिन नाही, पैसे नाहीत, सरळ सर्च करायचं आणि वाचत बसायचं.

तिथल्या विद्यापीठांना संशोधनासाठी सरकारी पैसा कसा वाटायचा हे ह्या मूल्यमापनावर ठरतं, आणि त्यात इम्पॅक्टला, म्हणजे संशोधनाने बाहेर घडवलेल्या बदलाला, 2014 मध्ये 20 टक्के वजन होतं, 2021 मध्ये ते 25 टक्के झालं. पैशाचा प्रश्न असल्यामुळे लोकांनी जीव ओतून लिहिलंय. 2014 ला 6,975 आणि 2021 ला 6,781 केस स्टडीज सादर झाल्या, गोपनीय वगैरे सोडल्या तर बाकीच्या तुम्हाला वाचता येतात.

साचा सगळ्यांना एकच. आधी सारांश, मग मूळ संशोधन, मग त्याचे संदर्भ, चौथ्या भागात इम्पॅक्टचं वर्णन आणि पाचव्यात पुरावे. 2021 च्या साच्यात सारांशाला 100 शब्द, चौथ्या भागाला 750 शब्द, आणि पुराव्यांचे संदर्भ जास्तीत जास्त 10. खरं सोनं त्या पाचव्या भागात आहे. बहुतेक जण चौथा भाग वाचतात, भारावतात आणि तशीच भाषा मारायला बघतात, पण चौथ्यातलं प्रत्येक वाक्य पाचव्यातल्या कुठल्या पुराव्यावर उभं आहे हे बोट ठेवून जुळवून बघा, मग कळतं काम कसं झालंय ते. "आमच्या संशोधनामुळे जागरूकता वाढली" ह्या वाक्याला काडीचा अर्थ नाही. त्याऐवजी अमुक सालच्या उपचार मार्गदर्शक सूचनांमध्ये अमुक शिफारशीखाली आमचा पेपर उद्धृत झालाय, त्यानंतर अमुक रुग्णालयांनी पद्धत बदलली आणि हे त्यांचं पत्र, असं लिहिलं की वाद घालायला जागाच उरत नाही. कोण बदललं, काय बदललं, कधी, आणि ते आपल्याच कामामुळे कशावरून, हे चारही प्रश्न सुटले पाहिजेत. वर्तमानपत्रात बातमी आली, भाषणाला गर्दी झाली, हा नुसता प्रसार झाला, त्यातून पुढे कुणी काही वेगळं केलं का ते दाखवावं लागतं.

आणखी एक आवडलेली गोष्ट म्हणजे रस्त्यांची विविधता. किंग्ज कॉलेज लंडनने 2014 च्या केस स्टडीजचं विश्लेषण 2015 मध्ये केलं तेव्हा संशोधनापासून इम्पॅक्टपर्यंत जाणारे 3,709 वेगवेगळे मार्ग सापडले! म्हणजे पेटंट आणि औषधं म्हणजेच इम्पॅक्ट असं समजून इतिहास, साहित्य, कायदावाल्यांनी गप्प बसायचं काही कारण नाही, त्यांच्या विषयाच्या केस स्टडीज नक्की वाचाव्यात.

आता खटकणाऱ्या गोष्टी. कुठल्या केस स्टडीला किती स्टार, म्हणजे कुठला दर्जा, मिळाला ते दिसत नाही, निकाल पूर्ण विभागाचा एकत्र जाहीर होतो, त्यामुळे समोरचं लिखाण उत्कृष्ट ठरलं की जेमतेम, हे आपणच ओळखायचं. पुरावा म्हणून दिलेल्या पत्रांची नुसती यादी असते, पत्र वाचायला मिळत नाही. 2014 आणि 2021 चे डेटाबेस वेगवेगळे, दोन्हीकडे वेगळं सर्च करा. आणि विद्यापीठांनी आपली निवडक, जमलेलीच कामं पाठवलीत, त्यामुळे सगळं कसं सरळ रेषेत घडलं असं वाटतं, फसलेले प्रयत्न, मधली थांबलेली वर्षं कुठेच नाहीत. नवीन संशोधकाला हे वाचून उगाच दडपण येतं आणि मला ते मनापासून वाईट वाटतं, कारण 2021 च्या नियमातच मूळ संशोधन 2000 पासूनचं चालत होतं, म्हणजे परिणाम दिसायला वीस वर्षंसुद्धा लागू शकतात हे त्यांनी धरलेलंच होतं.

माझ्याकडून 5 पैकी 4. सुरुवात 2021 च्या डेटाबेसपासून करा, आपल्या विषयाच्या चार-पाच केस स्टडीज काढा आणि त्यांच्या पुराव्यांची यादी आपल्या चालू प्रोजेक्टच्या फाइलला लावून ठेवा, म्हणजे कुठली पत्रं, कुठले आकडे आत्तापासून जमवायचे ते समजेल. प्रोजेक्ट संपल्यावर लोक बदली होऊन जातात, मग पत्र मागायचं कुणाकडे?