चित्रांचा स्टॉल खुल्या मैदानात: कोणती भिंत, कोणता मंडप?

खुल्या मैदानात भरणाऱ्या कला-मेळ्यात स्टॉल लावायचं ठरलं की बहुतेक चित्रकार आधी मंडप शोधायला लागतात. हा क्रम उलटा आहे. मंडप ऊन-पाऊस अडवतो. चित्रं तोलून धरतात त्या भिंती, आणि भिंतीला किती भार सोसायचा आहे हे तुमच्या फ्रेमच्या वजनावर ठरतं. म्हणून आधी सगळ्यात जड फ्रेम काट्यावर ठेवा, मग भिंत निवडा, आणि मंडप त्यानंतर. ही तुलनाही त्याच क्रमाने केली आहे. मेळ्यांत सर्रास मिळते ती १० फूट × १० फुटांची, म्हणजे साधारण ३ मीटर × ३ मीटरची जागा इथे धरली आहे.

काच की ॲक्रिलिक

२ मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन दर चौरस मीटरला ५ किलो भरतं. तेवढ्याच जाडीचं ॲक्रिलिक, म्हणजे फ्रेमवर काचेऐवजी बसवायचं पारदर्शक प्लॅस्टिक, २.४ किलोच्या आसपास. ६० × ८० सेंटिमीटरच्या एका फ्रेममागे हा फरक सव्वा किलोचा होतो. अशा वीस फ्रेम असतील तर २५ किलोचा. हे वजन तुम्ही गाडीतून काढणार, भिंतीवर टांगणार, संध्याकाळी उतरवणार. शिवाय वाऱ्याने फ्रेम पडली तर ॲक्रिलिक टिकण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि गवतात काचेचे तुकडे शोधत बसावं लागत नाही. जलरंग, रेखाचित्रं आणि प्रिंट्ससाठी आमचा कौल सरळ ॲक्रिलिकला आहे.

अपवाद कोळशाच्या आणि पेस्टलच्या कामाचा. ॲक्रिलिक पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि ती कागदावरची सुटी रंगपूड स्वतःकडे ओढून घेते. आतल्या बाजूने धुरकट थर दिसायला लागतो. अशा कामाला काचच हवी. आणखी एक खबरदारी: काच पुसण्याचे अमोनिया असलेले फवारे ॲक्रिलिकवर वापरू नयेत. त्याने पृष्ठभाग धुरकटतो, बारीक तडेही जातात. पाण्यात साबणाचा थेंब आणि मऊ मायक्रोफायबर कापड पुरतं. कोरड्या खरखरीत फडक्याने एकदा पुसलं तरी ओरखडे कायमचे राहतात.

कॅनव्हास सगळ्यात हलका, कारण वर काहीच नसतं. पण ॲक्रिलिक रंगांचा थर उन्हात तापून मऊ होतो. त्यावर बबल रॅप थेट गुंडाळला की फुग्यांचे गोल ठसे रंगात उमटतात. मध्ये सिलिकॉनचा थर असलेला गुळगुळीत कागद घाला आणि रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला ठेवा.

भिंत: लोखंडी जाळी, कापडी जाळी की मढवलेले फळे

लोखंडी जाळीची चौकट साधारण २ फूट रुंद आणि ६ ते ७ फूट उंच येते, तारांमधले चौकोन ३ इंचांचे. एकेक चौकट ८ ते १० किलोची. मागची आणि दोन बाजूंच्या अशा तीन भिंती मिळून ९ मीटर लांबी भरायची तर पंधराएक चौकटी लागतात, म्हणजे किमान १२० किलो लोखंड. फायदा असा की तिच्यावर काहीही टांगता येतं: मोठी काचेची फ्रेम, लाकडावरचं काम, आरसे, सिरॅमिकच्या थाळ्या. जाळी वारा अडवत नाही, पावसाने खराब होत नाही, वर्षानुवर्षं टिकते. मात्र सरळ रेषेत उभी केलेली जाळी पडते. दोन चौकटींमध्ये कोन हवा, मग तो काटकोन असो की नागमोडी मांडणीतला छोटा कोन, आणि जोड खाली, मध्ये, वर असा तीन ठिकाणी बांधलेला हवा. दिसायला ती दुकानासारखी दिसते ही तक्रार खरी आहे. चित्रामागे तारांचे चौकोन डोळ्यांत भरतात. त्यावर उपाय म्हणून बरेच जण करडं कापड चढवतात. पण कापड चढवलं की वारा आरपार जायचा बंद होतो आणि तीच जाळी शिडासारखी वागते.

कापडी जाळी म्हणजे जाड पॉलिस्टरची विणलेली, ताणून बांधायची भिंत. गुंडाळली की हाताखाली मावते, तिन्ही भिंती एका माणसाला एका खेपेत नेता येतात. चित्रामागे ती सपाट, शांत दिसते आणि वारा बराचसा आरपार जातो. अट एकच, ती वरून आणि खालून दोन्हीकडे ताणलेली हवी. वरच्या आडव्या नळीवर नुसती लोंबकळत सोडली तर झुळकीसरशी फुगते, फ्रेम एकमेकींवर आपटतात आणि सगळ्यात आधी कोपरे टवके उडून खराब होतात. खाली पायांच्या मध्ये दुसरी आडवी नळी लावून जाळीची खालची कड तिला बांधायची. एका आकड्यावर पाच किलोच्या पुढची फ्रेम टांगू नये. जड फ्रेमला दोन आकडे आणि वरच्या नळीपर्यंत नेलेली साखळी द्यावी, म्हणजे भार कापडावर न येता नळीवर येतो.

गालिच्यासारख्या कापडाने मढवलेले ताठ फळे सगळ्यात देखणे. गॅलरीचा एक कोपरा उचलून मैदानात ठेवल्याचा भास होतो, आणि चढ्या किमतीच्या मूळ चित्रांना तो उपयोगी पडतो. पण ते सव्वादोन मीटरपर्यंत लांब असतात आणि वाकत नाहीत, त्यामुळे लहान गाडीत मावत नाहीत. वाऱ्यात ते पूर्ण बंद भिंतीसारखे वागतात आणि ओले झाले की सावकाश वाळतात. बंद गाडी आणि मदतीला दुसरा माणूस नसेल तर यांच्या वाटेला जाऊ नका.

आमचं मत: ५ किलोच्या आतल्या फ्रेम आणि कॅनव्हास असतील तर कापडी जाळी, त्यापुढे लोखंडी. मढवलेले फळे हा वर्षातून बरेच मेळे करणाऱ्यांचा पर्याय आहे.

मंडप: घडीचा की नळ्यांचा

घडीच्या मंडपाचा सांगाडा एकसंध असतो. कात्रीसारख्या पट्ट्या ओढल्या की तो उघडतो, चारही कोपरे खटक्यात बसतात. दोघांना पंधरा मिनिटं पुरतात. एकटा माणूसही एकेक कोपरा थोडाथोडा ओढत उभारू शकतो. नळ्यांचा मंडप सुट्या नळ्या आणि कोपऱ्यांचे सांधे जोडून बांधावा लागतो, त्याला पाऊण ते एक तास जातो. गाडी आत नेऊन सामान उतरवायला ठरावीक वेळच मिळत असेल तर हा फरक मोठा ठरतो.

मग नळ्यांचा मंडप घ्यायचा कशाला? कारण घडीच्या मंडपाच्या कात्री-पट्ट्या छप्पर तोलण्यासाठी असतात, चित्रं टांगण्यासाठी नाहीत. त्यांच्या मधोमध फ्रेम लटकवल्या की पट्टी वाकते, आणि एकदा वाकलेली पट्टी पुन्हा नीट घडी होऊ देत नाही. नळ्यांच्या मंडपात वरची आडवी नळी सरळ आणि अखंड भार घेणारी असते, खालीही पायांना जोडणारी आडवी नळी बसते, त्यामुळे सांगाडा पेटीसारखा ताठ होतो. कापडी जाळी निवडली असेल तर हाच तिचा खरा जोडीदार. घडीचाच मंडप हातात असेल तर पायांना पकडणाऱ्या क्लॅम्पने दोन पायांमध्ये वर आणि खाली वेगळ्या नळ्या बसवा, आणि भार फक्त पायांवर जाऊ द्या. लोखंडी जाळी मात्र स्वतःच्या पायांवर उभी राहते, तिच्याबरोबर घडीचा मंडप उत्तम चालतो.

छपराच्या आकारातही फरक आहे. घडीच्या मंडपात भिंतीलगतचा उतार कमी असतो आणि दोन पट्ट्यांमध्ये कापड सैल पडतं. पावसाचं पाणी तिथे साठतं. एक मीटर व्यासाचा आणि मधोमध १० सेंटिमीटर खोल असा खळगा भरला तरी त्यात ४० लिटरच्या आसपास पाणी असतं, म्हणजे तेवढेच किलो, तेही पट्टीच्या सगळ्यात कमजोर जागी. सांगाडा वाऱ्याने मोडतो तसा या पाण्यानेही मोडतो. प्लॅस्टिकची लवचिक नळी कमानीसारखी वाकवून छपराखाली प्रत्येक बाजूला अडकवली तर कापड ताणलेलं राहतं आणि खळगा पडत नाही. कमानदार छपराच्या नळ्यांच्या मंडपात हा त्रास फारसा होत नाही.

मंडप कोणताही असो, छपराचं कापड पांढरंच घ्या. रंगीत छपरातून आलेला उजेड चित्राचा रंग बदलतो; निळ्या छपराखाली त्वचेचे रंग आजारी दिसतात, लाल छपराखाली पांढरा कागद गुलाबी. शिवाय पुष्कळ मेळ्यांच्या नियमांतच पांढरा मंडप आणि आग सहज न पकडणाऱ्या कापडाचं प्रमाणपत्र मागितलेलं असतं. निवड समिती असलेल्या मेळ्यात अर्जासोबत स्टॉलचा फोटोही बहुधा द्यावा लागतो, तेव्हा जाहिरात छापलेलं छप्पर नडतं.

वारा आणि वजनं: इथे दोन्ही मंडप सारखेच

मंडप जड आहे म्हणून उडणार नाही, ही समजूत सगळ्यात महागात पडते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात ३ मीटर × २.१ मीटरच्या एका बंद कनातीवर (मंडपाच्या बाजूच्या कापडी पडद्यावर) किमान ३८ किलोएवढा आडवा जोर येतो. ताशी ५४ किलोमीटरला तोच ८५ किलोच्या पुढे जातो. छपरावरचा उचलणारा जोर वेगळाच. तीन कनाती लावलेल्या आणि समोरची बाजू उघडी असताना वारा समोरून आला तर तो आत शिरून छप्पर वर ढकलतो, ही सगळ्यात वाईट स्थिती.

दर पायाला २० किलो हे किमान धरा, म्हणजे चार पायांना ८० किलो. जोराच्या वाऱ्यात तेही अपुरं पडतं. अशा वेळी वजन वाढवायच्या मागे लागू नका. चित्रं उतरवून कनाती सोडा, म्हणजे वाऱ्याला धरायला भिंतच उरत नाही.

वजनासाठी काय वापरायचं? सिमेंट काँक्रीट भरलेला ४ इंची पीव्हीसी पाईप सगळ्यात सोयीचा. एक मीटर लांबीत १९ किलोच्या आसपास वजन बसतं, तो पायाला चिकटून उभा राहतो आणि ग्राहकाच्या पायात येत नाही. काँक्रीट ओलं असतानाच वरच्या टोकाला आकड्याचा बोल्ट बसवा. वाळूच्या पिशव्या स्वस्त, पण तेवढ्याच वजनाला दीडपट जागा घेतात आणि शिवण उसवली की रिकाम्या होतात. पाण्याच्या २० लिटरच्या कॅनचा फायदा एकच, ते रिकामे नेता येतात. मात्र जवळ नळ आहे का हे आधी विचारा.

वजन बांधायची जागाही महत्त्वाची. नुसती पायाच्या तळाशी पिशवी ठेवली तर तळ जागेवर राहतो आणि वरचा सांधा सुटून छप्पर निघून जातं. पट्टा मंडपाच्या वरच्या कोपऱ्यापासून आणायचा, त्याला वजन अडकवायचं आणि खाली ते पायाला पुन्हा बांधायचं. वरून नुसतं टांगलेलं वजन झोके घेतं आणि पायाच्या नळीला पोचे पाडतं. नळ्यांच्या मंडपात प्रत्येक सांध्याची पिन बसली आहे ना हेही तपासा. पिन नसेल तर छपराचा सांगाडा पायांवरून टोपीसारखा उचलला जातो. गवतावर खुंट्या ठोकता येत असतील तर त्या जरूर ठोका, मंडपापासून बाहेर कललेल्या ठेवा, पण वजनांच्या जोडीला. पावसाने भिजलेल्या जमिनीत खुंटी सहज उपटते, आणि फरसबंद मैदानात ती ठोकताच येत नाही.

विक्रीच्या दृष्टीने

ताठ भिंत असो की कापडी, चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. ३ मीटरच्या भिंतीवर तीन मोठी किंवा पाच मध्यम चित्रं पुरेत. जास्त लावली की लोक लांबूनच नजर फिरवून पुढे जातात. प्रिंट्सची पेटी कमरेच्या उंचीवर आणि बाहेरच्या कडेला ठेवा, पण आत येण्याची वाट मोकळी सोडा. किंमत प्रत्येक चित्राखाली लिहिलेली हवी. विचारायला संकोच वाटतो म्हणून निघून जाणारे पुष्कळ असतात.

मेळा एकाहून जास्त दिवसांचा असेल तर कागदावरची कामं रात्री मंडपात सोडू नका. रात्रीच्या गारव्यानंतर सकाळचं ऊन पडलं की बंद फ्रेममध्ये आतून पाण्याचे थेंब जमतात आणि कागद लहरतो. माउंटमुळे (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीमुळे) कागद आणि काच यांच्यात अंतर राहतं, तरीही ओल कागदात मुरतेच.

कोणाला काय जमेल

वर्षाला एक-दोन मेळे, लहान गाडी, हलकी चित्रं: घडीचा पांढरा मंडप, पायांना क्लॅम्पने जोडलेल्या नळ्या आणि कापडी जाळी. पहिल्या मेळ्याला मंडप भाड्याने घेतलात तर आणखी बरं. काचेच्या जड फ्रेम किंवा भिंतीवरची शिल्पं असतील तर घडीचा मंडप आणि लोखंडी जाळी, पण दोन माणसं हवीतच. वर्षभर मेळे करणार असाल, चढ्या किमतीची मूळ चित्रं विकणार असाल आणि निवड समितीपुढे फोटो जाणार असेल तर नळ्यांचा मंडप घ्या. उभारणीचा जास्तीचा वेळ त्याच्या ताठपणात वसूल होतो.

मेळ्याच्या आधी संपूर्ण स्टॉल एकदा मोकळ्या जागेत उभा करा, घड्याळ लावून, आणि नळीने छपरावर पाणी सोडून खळगे कुठे पडतात ते पाहा. उतरवण्याचा क्रमही तेव्हाच पक्का करा: आधी चित्रं, मग भिंती, मग कनाती, त्यानंतर छप्पर खाली, आणि वजनं अगदी शेवटी. ओला मंडप तसाच घडी करून आणलात तर दुसऱ्याच दिवशी पसरून वाळवा, नाहीतर पांढऱ्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत.