माझ्याच माहितीपटाच्या नावावर ४१,८०७ रुपये गेले

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. लग्नाचे व्हिडिओ शूट करतो, यूपीआय रोज वापरतो. तरी पैसे गेले, आणि पिन मीच टाकला.

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. त्यांच्या घरांत आज काय चाललंय, यावर माहितीपट करतोय. फुटेज हार्डडिस्कमध्ये पडून, एडिटिंगला पैसा नाही. म्हणून टीझर टाकला, मदत मागितली. आठवड्यात एका मॅडमचा फोन. ‘सर, किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून ऑनलाइन वर्गणी जमवायच्या अमेरिकन वेबसाइटवर, भारतातून थेट प्रोजेक्ट टाकता येत नाही. आम्ही अमेरिकेतल्या खात्यावरून टाकतो.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे. तिथंच भुललो.

नोंदणी २,९९९. प्रमोशन १४,५००. मग लिंक आली, पानावर ४,१२,००० जमा! आता म्हणे ५ टक्के फी २०,६०० भरा, वर १८ टक्के जीएसटी ३,७०८.

अरे, फी जमलेल्या रकमेतून कापतात! हे मला माहीत होतं. मीच मित्रांना सांगायचो. त्यात त्याच संध्याकाळी नागपूरच्या मित्राचा फोन : ‘मी ५०१ टाकले बे, यादीत माझं नाव काहून नाही? आन् स्कॅनरवर कोण्या मोबाइल शॉपीचं नाव येते.’ मी त्यालाच समजावलं, अपडेट व्हायला वेळ लागते म्हणून. १३७ देणगीदारांत ओळखीचा एक माणूस नव्हता, तरी धुऱ्यावर रेंज शोधत उभा राहून २४,३०८ पाठवले. बाबांनी कापूस विकून बी-खतासाठी ठेवलेले होते ते. पण तुम्हीच सांगा, दोन वर्षं दारोदार हात पसरल्यावर चार लाखांचा आकडा दिसला तर डोकं ठिकाणावर राहते का?

ठाण्यात ऐकलं, ‘लोकांकडून पैसे तर तुम्हीच गोळा करत होते न? परवानगी दाखवा.’ म्हणजे आरोपी मीच! मग म्हणे जिल्ह्याला सायबरकडे जा. दिवस मोडून एसटीनं गेलो, तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण अर्जाला बँकेचं पत्र जोडा म्हणाले. बँकेत गेलो तर, ‘पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार?’ पत्रासाठी पुन्हा अर्ज. शेवटी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावला, तर तिथं विचारलं, चार दिवस काय करत होते? या साहेबांच्या दारात उभा होतो, अजून काय! आधी १९३० लावा, ठाणं मागाहून. आणि रागात चॅट डिलीट करू नका, मी केलं. पोच मागून घ्या, नाही दिली तर तिथून हलू नका.

मित्राचे ५०१ मी माझ्याकडून परत केले. घरी बाबा एक शब्द बोलत नाहीत. परवा उधारीवर बियाण्याच्या दोन थैल्या आणून ठेवल्या त्यांनी.

काल पाहिलं तर माझाच टीझर, नवं पान, नवा स्कॅनर. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेली बाई दिसली, तर तो माझा शॉट आहे. त्या पानावर एक रुपया टाकू नका.