पांदणीत घर न्यायचं तर कोणत्या गाडीवर?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात सोलर पंप दुरुस्त करतो. झरी, मारेगाव, कधी पैनगंगेपलीकडे किनवटपर्यंत काम निघतं आणि महिन्यातल्या आठ-दहा रात्री कोणाच्या तरी वावरात, खाटेवर जातात. म्हणून आत निजता येईल अशी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी शोधतोय. बायको विचारते, "घर असून गाडीत कायले निजता?" तिला पटेल असं उत्तर अजून सापडलं नाही, गाड्या मात्र बघून झाल्या.

सुरुवात सगळ्यांसारखीच, मोबाइलवर. अमेरिकेतल्या कोलोराडोची अर्थरोमर फोर्डच्या एफ-५५० ट्रकवर घर बांधते. आत गॅस सिलिंडर नाही, सगळं डिझेल आणि लिथियम बॅटरीवर. जर्मनीची युनिकॅट आणि ऑस्ट्रियाची ॲक्शन मोबिल तर थेट मोठ्या ट्रकच्या चासीवर काम करतात. बघायला डोळे दिपतात. पण एफ-५५० ची भरल्या वजनाची मर्यादाच ८.८ टनांच्या घरात, आणि आमच्या पांदणीत, म्हणजे वावरात जायच्या अरुंद वाटेवर, समोरून बंडी आली तर एकाला धुऱ्यावर चढावं लागतं. वर लोंबकळत्या तारा वेगळ्या. असलं घर इथे उतरलं तर निघणार नाही. ग्रामपंचायत घरटॅक्स लावून मोकळी होईल.

हे नुसतं बोलणं नाही. गेल्या पोळ्याला नागपूरचा मित्र एका पिकअपवर घर बांधून आला होता. गाडीचं नाव सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, वरच्या डब्याची होती. लोखंडी पाइप, जाड प्लाय, काचेच्या खिडक्या आणि मागच्या चाकांच्याही मागे १५० लिटरची टाकी. म्हणजे नुसतं पाणीच दीड क्विंटल, तेही शेपटीला. पांदणीत दहा फूट गेली असेल. काळ्या मातीने टायरच्या सगळ्या खाचा भरल्या, चाकं लिंपल्यासारखी गुळगुळीत झाली आणि मागचा एक्सल टेकला. मागे भार, त्यामुळे पुढची चाकं हलकी. चारही चाकं फिरताहेत आणि गाडी जागची हलत नाही!

बैलजोडी मागायला गेलो तर शेजारचे काका म्हणाले, "आज जू नाही बाप्पा, आज त्याईचा सण हाय." खरंच होतं. ट्रॅक्टरवालाही तोरण तुटेपर्यंत हलणार नव्हता. मग आम्ही टाकी रिकामी केली, गादी-भांडी धुऱ्यावर काढली, टायरची हवा ३५ वरून १८ वर आणली, चाकांपुढे जुन्या पऱ्हाटीचे भारे घातले आणि लो गिअरमध्ये गाडी बाहेर आली. बैल नाही, ट्रॅक्टर नाही. तेव्हापासून गाडी पाहिली की मी आधी विचारतो, वजन किती आणि ते कुठे बसतं?

आता आपल्याकडच्या गाड्या. चिखलासाठीच घ्यायची तर फोर्सची गुरखा. २.६ लिटर इंजिन, पुढचा-मागचा दोन्ही डिफरन्शियल लॉक (एक चाक घसरलं तरी जोडीचं दुसरं फिरत राहतं), कंपनीचाच स्नॉर्कल (इंजिनला वरून हवा देणारी नळी) आणि ७०० मिलिमीटर पाण्यातून जायची तयारी. इतकं सामान कंपनीतूनच बसवून देणारी गाडी या यादीत दुसरी नाही. तीनदारीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४०० मिलिमीटर, पांदणीत वळवायला सोपी, पण त्यात घर कसलं, ओसरीही मावत नाही. पाचदारीच्या मागच्या सीटा काढल्या तर माझ्या उंचीचा माणूस निजेल. मग पान्हे, पाइप, पंप कुठे ठेवायचे?

टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस या ऐटबाज गाड्या. हायलक्सचं २.८ लिटर इंजिन २०४ पीएस ताकद देतं, मागचा डिफरन्शियल लॉकही आहे. पण दोघींचा व्हीलबेस तीन मीटरच्या वर, आणि पांदणीत कधीकधी अख्खा फर्लांग रिव्हर्स यावं लागतं. यांच्यावर लोक टपावरचा तंबू लावतात. तंबूचं मला नवल वाटलं नाही. रानडुकरांच्या धाकाने जागलीला माळ्यावर निजण्यात आमच्या पिढ्या गेल्या, तोच माळा आता लाखाच्या भाषेत विकायला आलाय. तरी मे महिन्यात ४५ डिग्रीत दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या डब्यापेक्षा तो केव्हाही बरा.

उरली महिंद्राची बोलेरो कॅम्पर, फोर-व्हील ड्राइव्हवाली. ७५ एचपी, म्हणजे मिरवण्यासारखं काही नाही. मागे कमानपाटे, रिकामी असली की कोणतीही मालगाडी उधळते तशी उधळणार. पण माल वाहण्यासाठीच बनवलेली, दोन ओळी सीट, मागे हौदा, आणि पांढरकवड्यापासून पाटणबोरीपर्यंत ती खोलून परत जोडणारा मिस्त्री भेटतो. २०२२ मध्ये महिंद्राने आयआयटी मद्रासमधून पुढे आलेल्या कॅम्परव्हॅन फॅक्टरीबरोबर बोलेरो कॅम्पर गोल्डवर चार जण निजतील असं घर करायचं जाहीर केलं होतं, संडास-शॉवरसकट. मला ते नको. ज्याचा पंप सुरू करून दिला त्याच्याच पाइपाखाली आंघोळ होते.

मी बोलेरोच घेतोय, जुनी. हौद्यावर ॲल्युमिनियमचा हलका सांगाडा, खालची अर्धी भिंत पत्र्याची, वरची ताडपत्रीची, गुंडाळता येईल अशी. पाण्याच्या २० लिटरच्या दोन कॅन, केबिनला चिकटून. उंची आमच्या पांदणीतली सगळ्यात खाली आलेली तार बांबूने मोजून ठरवली. आरसीवर बदलाची नोंद झाल्याशिवाय वेल्डरला हात लावू देणार नाही.

बायकोने नकाशा पाहिला आणि एकच दुरुस्ती सुचवली, शेगडी आत नको, फाळक्यावर पाहिजे. म्हणजे येणार आहे बहुतेक.